कळ दाबताना बोटात कळ येऊ नये म्हणून: कोणता स्विच?

अनुवादिनी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

मी भाषांतराचं काम करते. दिवसाचे सहा-सात तास कीबोर्डवर जातात. रबरी घुमटाचा साधा कीबोर्ड बारा वर्षं वापरला. गेल्या वर्षापासून संध्याकाळ झाली की उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका जड व्हायला लागल्या. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी व्यायाम दिले, बसायची पद्धत सुधारायला सांगितली आणि कीबोर्डही बदलून बघा म्हणाल्या. म्हणून निळ्या स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. यात प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो आणि रंगावरून त्याची जात ओळखतात.

पहिला आठवडा मी हरखून गेले होते. प्रत्येक अक्षराला टिक्! कामाचा कंटाळाच येईना. तिसऱ्या आठवड्यात मात्र बोटं पुन्हा दुखायला लागली, आधीपेक्षा थोडी जास्तच. आता माहिती वाचायला बसलं की लाल, तपकिरी, पिवळे, चंदेरी, पांडा, बोबा असा नुसता बाजार समोर उभा राहतो.

प्रश्न एकच. पुष्कळ वेळ लिहिणाऱ्याच्या बोटांना सुखाचा स्विच कोणता? हॉट-स्वॅप कीबोर्ड, म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच काढता-घालता येणारा, घ्यायची तयारी आहे. आवाज हवाच असं नाही. गेम खेळत नाही.

खटखट्या | सोमवार, रात्री १०:०५

ताई, निळ्याला सोडचिठ्ठी देण्याआधी माझं ऐका. तो टिक् म्हणजे पावती आहे. अक्षर पोचलं, चला पुढे. मी सहा वर्षं क्लिकी स्विचच वापरतोय आणि लिहिण्याला जी लय लागते ती मला त्या आवाजानेच लागते. एमएक्स ब्लूचा, म्हणजे चेरी कंपनीच्या निळ्याचा, आवाज किरकिरा वाटत असेल तर कैल बॉक्स जेड लावून बघा. त्यात क्लिक-बार नावाची बारीक तार असते, ती दाबतानाही वाजते आणि सोडतानाही. ठसठशीत, भरीव आवाज.

निवांत | सोमवार, रात्री १०:११

कळीचा मुद्दा काढलात! वाचतोय.

स्प्रिंगवाला | सोमवार, रात्री ११:३०

खटखट्या, आवाजाबद्दल तुझ्याशी भांडण नाही. पण ताईंची बोटं दुखतायत, तेव्हा आधी वजनाचं बोलू.

चेरीच्या आकड्यांप्रमाणे एमएक्स रेडला अक्षर उमटायला ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो, ब्राऊनला ५५, ब्लू आणि ब्लॅकला ६०. एक सेंटिन्यूटन म्हणजे जवळपास एक ग्रॅमचा भार, म्हणून लोक सरसकट ग्रॅमच बोलतात. १५ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण दिवसात हजारो वेळा तो भार करंगळीवर येतो. शिवाय निळ्यात अक्षर उमटतं एका ठिकाणी आणि कळ परत तयार होते त्याहून बरीच वर आल्यावर. त्यामुळे एकच अक्षर लागोपाठ दोनदा हवं असेल तर बोट जास्त उचलावं लागतं.

पण माझ्या मते तुमचं दुखणं वेगळंच आहे. रबरी घुमटाच्या कीबोर्डवर बहुतेक वेळा कळ तळाला टेकल्याशिवाय अक्षर उमटत नाही. बारा वर्षं तुमच्या बोटांना तेच वळण लागलंय. एमएक्स जातीच्या स्विचमध्ये कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते आणि अक्षर साधारण २ मिलिमीटरलाच उमटून मोकळं होतं. उरलेला प्रवास तुम्ही जोर लावून करता आणि शेवटी कळ स्विचच्या कडक तळावर आपटते. रबराचं निदान गादीसारखं होतं. इथे गादी नाही.

आता हा प्रयोग करा. कोरी फाईल उघडा. अनामिकेखालची एक कळ अगदी सावकाश दाबत न्या, गोगलगाय चालते तशी. पडद्यावर अक्षर दिसलं की तिथेच थांबा. मग बघा खाली किती जागा उरली आहे. त्यानंतर नेहमीच्या वेगाने एक परिच्छेद टाइप करा आणि कान देऊन ऐका: टिक् नंतर 'ठक्' ऐकू येतो का? तो ठक् म्हणजे बोट तळावर आदळल्याचा आवाज.

प्रयोग झाला की इथे सांगा, मग स्विचचं नाव काढू.

चौकस | मंगळवार, सकाळी ७:५०

माझी बाजू मांडतो. मी लॅपटॉपच्या चपट्या कीबोर्डवर दहा वर्षं लिहितोय, बोटं ठणठणीत आहेत. कळ जेमतेम दीड मिलिमीटर खाली जाते, म्हणजे श्रमही कमी. ज्यांना त्रास आहे त्यांनी आधी खुर्ची-टेबल सुधारावं, मग या छंदात उतरावं. स्विच बदलून मनगट सरळ होत नाही.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:१५

चौकस, खुर्ची-टेबलाचं शंभर टक्के मान्य. पण दीड मिलिमीटरनंतर बोट लगेच तळावर आदळतं, तेही दर अक्षराला. काहींना चालतं, माझी तर्जनी मात्र त्यानेच बिनसली होती.

माझा अनुभव: बाळ त्याच खोलीत झोपतं, म्हणून सायलेंट स्विच घेतले. यांच्या स्टेमला, म्हणजे कळीबरोबर खाली-वर होणाऱ्या दांड्याला, मऊ रबरी उशा असतात, त्या खाली टेकताना आणि वर येताना दोन्हीकडचा आघात झेलतात. घेतले आवाजासाठी, पण खरा आराम बोटांना मिळाला. आपटण्याची धारच बोथट होते. काही जणांना हे गुळमुळीत लागतात, चिखलात पाय रोवल्यासारखे. मला नाही लागत. एमएक्स सायलेंट रेडने सुरुवात केली, आता बोबा यू४ वर आहे. तो सायलेंट असून टॅक्टाइल आहे, म्हणजे कळ खाली जाताना बोटाला उंचवटा लागतो. ६२ आणि ६८ ग्रॅम अशा दोन वजनांत येतो, ताईंनी ६२ चाच बघावा.

जुनाजाणता | मंगळवार, दुपारी १:२०

मी टाइपरायटरवर शिकलेला माणूस. आमच्या वेळी कळ नीट बसली नाही तर कागदावर अक्षर फिकं उठायचं, त्यामुळे प्रत्येक बोटाने सारख्या जोरात मारायचं हीच शिकवण. करंगळीचा धडा वेगळा घोटून घ्यायचे. पुढे संगणकावर आयबीएमचा मॉडेल एम मिळाला. १९८५ चं डिझाइन. त्यात प्रत्येक कळीखाली उभी स्प्रिंग असते आणि ठरावीक दाबाला ती मध्येच वाकते, आवाजही होतो आणि अक्षरही उमटतं. वाकणं आणि उमटणं एकाच क्षणी, त्यामुळे बोटाला मिळणारी खूण खोटी ठरत नाही. कळ जड, पण कधी थांबायचं ते हाताला पक्कं कळायचं. स्प्रिंगवाला म्हणतात तो मुद्दा बरोबर आहे. वजनापेक्षा खुणेचं महत्त्व मोठं.

तपकिरी | मंगळवार, दुपारी २:०५

म्हणूनच ब्राऊन! खूण आहे, आवाज नाही, वजन मध्यम. एवढा सरळ मार्ग असताना लोक रानोमाळ का भटकतात?

सोल्डरबाबा | मंगळवार, दुपारी २:४०

कारण एमएक्स ब्राऊनची खूण इतकी बारीक असते की वेगात टाइप करताना ती लागतच नाही. लाल स्विचमध्ये खूणच नसते, आणि ब्राऊन म्हणजे वाळूचा कण घुसलेला लाल स्विच. ज्याला टॅक्टाइल हवा त्याने खरा टॅक्टाइल घ्यावा.

तपकिरी | मंगळवार, दुपारी २:५२

बाबा, तुमच्या बोटांना लागत नसेल, माझ्या लागते. चार वर्षं त्याच कीबोर्डवर रोज लिहितोय. मोठा उंचवटा म्हणजे दर अक्षराला एक चढ चढायचा. दिवसभर चढच चढायचे का? बारीक खूण हवी असणारेही लोक असतात, आणि त्यात आमची आवड कच्ची ठरत नाही.

सोल्डरबाबा | मंगळवार, दुपारी ३:१०

हा मुद्दा पटला. दर अक्षराला चढ, हे मी कधी असं बघितलंच नव्हतं. वाळूचा शब्द मागे.

निवांत | मंगळवार, दुपारी ३:१२

निळा विरुद्ध तपकिरी कळ लागणार असं वाटत होतं, इथे तर समेट झाला. धाग्याचा विजय असो.

अनुवादिनी | मंगळवार, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रयोग केला. सावकाश दाबल्यावर अक्षर उमटलं आणि खाली जवळजवळ निम्मी कळ शिल्लक होती. मी थक्क झाले! नेहमीच्या वेगात मात्र दर अक्षराला टिक्-ठक्, टिक्-ठक्. एकही अक्षर सुटत नाही. सगळ्यात जोरात वाजतात बॅकस्पेस आणि एंटर, दोन्ही उजव्या करंगळीचे. आता त्या आवाजाकडे लक्ष गेलंय तर दुसरं काही ऐकूच येत नाही.

सांजसावली | मंगळवार, रात्री १०:३०

अनुवादिनी, बॅकस्पेस-एंटरचं वाचून लिहायला आले. स्विच बदलायच्या आधी हाताची वाट बदलून बघ.

एक. कीबोर्डचे मागचे पाय मिटून टाक. पाय उघडले की मागची बाजू वर येते आणि मनगट मागे मोडतं. मेकॅनिकल कीबोर्ड मुळात उंच, त्यात पाय म्हणजे दुप्पट त्रास. पुढे तळव्याला टेकण असेल तर ते थांबल्यावर टेकायला, टाइप करताना त्यावर मनगट रोवायचं नाही.

दोन. हॉट-स्वॅप कीबोर्ड घेशील तो क्यूएमके किंवा व्हीआयए ही कळांची कामं बदलणारी सॉफ्टवेअर चालणारा घे. त्यात कुठलीही कळ कुठेही नेता येते. मी बॅकस्पेस कॅप्सलॉकच्या जागी आणलाय. एंटर अंगठ्याखाली: उजव्या अंगठ्याची कळ टॅप केली तर एंटर, धरून ठेवली तर दुसरा थर उघडतो आणि बाणाच्या कळा मधल्या ओळीत येतात. अंगठा हे सगळ्यात ताकदीचं बोट, आणि त्याला काम काय, तर स्पेस. सगळा भार बिचाऱ्या करंगळीवर. चार दिवस चुकलं, मग हाताला सवय झाली.

मी पुढे दोन तुकड्यांचा कीबोर्ड घेतला, खांदे मोकळे राहतात. पण ती नंतरची पायरी.

चौकस | मंगळवार, रात्री १०:४५

हे मात्र मलाही आज रात्री करून बघायचंय. लॅपटॉपवरही कॅप्सलॉक बदलता येतोच.

स्प्रिंगवाला | मंगळवार, रात्री ११:५०

सांजसावलींचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. त्याला जोडून: सगळ्या कळांना एकच वजन हवं असा नियम कुठे आहे? टोप्रे स्विचच्या रिअलफोर्स कीबोर्डमध्ये असे मॉडेल आहेत ज्यात करंगळीच्या कळा ३० ग्रॅमच्या, बहुतेक बाकीच्या ४५ च्या आणि एस्केपसारखी एखादी ५५ ची. म्हणजे हा विचार मुरलेला आहे. हॉट-स्वॅपवर आपल्याला तो घरी करता येतो.

पण फार हलकं करून फसू नका. बोटं टेकवून विचार करायची सवय असेल तर ३५ ग्रॅमच्या कळा नुसत्या भाराने दबतात, आणि मग चुका खोडण्यात बॅकस्पेसचा मारा वाढतो. एमएक्स स्पीड सिल्व्हरचंही तेच. त्यात अक्षर १.२ मिलिमीटरलाच उमटतं. गेमवाल्यांना बरं, भाषांतर करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

नमुन्यादाखल नऊ-दहा स्विच लावलेली पट्टी मिळते, तिच्यावर विसंबू नका. तर्जनीने एकेक कळ दाबून बघणं आणि दहा बोटांनी पान भरणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एका जातीचे निदान तीस-पस्तीस स्विच घ्या, अक्षरांच्या तिन्ही ओळी भरा आणि दोन आठवडे कळ काढा.

खटखट्या | बुधवार, सकाळी ८:२०

दोन आठवडे कळ काढा! स्प्रिंगवाला, हे वाक्य कोरून ठेवायला हवं.

ताई, काल तुमच्यामुळे मीही प्रयोग केला. माझा ठक् येत नाही. क्लिक ऐकला की बोट आपोआप परत फिरतं. म्हणजे मला निळा सोसतो तो याच कारणाने. तुमच्या हाताला ते वळण नसेल तर माझा सल्ला तुमच्यासाठी चुकीचाच.

अनुवादिनी | बुधवार, सकाळी ९:०५

खटखट्या, असं कशाला. त्या टिक्-मुळेच मी या छंदात आले!

ठरवलंय. हॉट-स्वॅप, ७५ टक्के आकाराचा, म्हणजे नंबरपॅड नसलेला आटोपशीर. गॅटरॉन यलो (उंचवटा नसलेले पिवळे) आणि रात्रपाळी म्हणाले ते बोबा यू४ ६२ ग्रॅमवाले, दोन्ही मागवते. ल्यूब, म्हणजे वंगण, लागेल का?

सोल्डरबाबा | बुधवार, सकाळी ११:३०

लागेलच असं नाही, हल्ली बरेच स्विच कारखान्यातूनच ल्यूब होऊन येतात. पण विचारलंत म्हणून सांगतो, कारण या छंदातलं मला सगळ्यात आवडणारं काम हेच.

स्विच उघडला की पाच भाग हातात येतात: वरचं कवच, खालचं कवच, स्टेम, स्प्रिंग आणि खालच्या कवचात बसलेली तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पत्ती. लिनिअरला, म्हणजे यलोसारख्या उंचवटा नसलेल्या स्विचला, क्रायटॉक्स २०५जी० हे दाट ग्रीस. ब्रशाचं टोक बुडवायचं, डबीच्या काठावर पुसायचं, आणि जे उरलं असं वाटतही नाही तेवढंच लावायचं. खालच्या कवचातल्या दोन खाचांवर एकेक हात, मग स्टेमच्या दोन्ही कडांवर. उजेडात तिरकं धरलं तर प्लास्टिकवर नुसती ओलसर झाक दिसली पाहिजे, पांढरा थर दिसला तर जास्त झालं. स्प्रिंगची दोन्ही टोकं पातळ तेलात टेकवायची, म्हणजे तिची झणझण जाते. पुन्हा मिटवून कानाशी दाबून बघा. आधी खरखर होती तिथे फक्त एक बुटका, बंद आवाज उरतो. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी रात्री दोन वाजता घरच्यांना उठवून ऐकवला होता.

टॅक्टाइलला सावध. स्टेमला जे दोन पाय पत्तीवर घासतात त्यांना ग्रीस लागता कामा नये, उंचवटा पुसला जातो. माझे सत्तर स्विच असे गेले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून पुन्हा जोडायला अख्खी सुट्टी लागली. ताई, यू४ ला तुम्ही हातच लावू नका, ते आहेत तसेच छान असतात.

स्पेसबारखालच्या स्टॅबिलायझरच्या, म्हणजे लांब कळ समतोल ठेवणाऱ्या भागाच्या, तारेला मात्र ग्रीस लावाच. निम्मा खडखडाट तिथला असतो.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १२:१५

आणि स्विच बसवताना दोन्ही धातूचे पाय सरळ आहेत ना ते प्रत्येक वेळी बघा. अगदी सरळ खाली दाबा, तिरकं नाही. एखादी कळ उमटली नाही तर घाबरू नका, दहापैकी नऊ वेळा पाय दुमडलेला असतो, चिमट्याने सरळ होतो. कीबोर्डवर तीन पायांपुरतीच भोकं असली आणि स्विच पाच पायांचा निघाला तर जास्तीचे दोन प्लास्टिकचे पाय नेलकटरने कापले तरी चालतं.

तपकिरी | बुधवार, दुपारी १:००

कीकॅप, म्हणजे कळांच्या टोप्या, एबीएस प्लास्टिकच्या की पीबीटीच्या? माझ्या एबीएसच्या वर्षभरात तेलकट चमकायला लागल्या.

जुनाजाणता | बुधवार, दुपारी १:४५

पीबीटी. खरखरीत राहतात, बोट घसरत नाही. माझ्या जुन्या मॉडेल एमच्या कळा पीबीटीच्याच आहेत, अजून अक्षर न् अक्षर जागेवर आहे. आणि कीकॅप बुटक्या आकाराच्या घ्याव्यात, चेरी प्रोफाइल म्हणतात त्या. एसए प्रोफाइलसारख्या उंच टोप्या दिसतात देखण्या, पण हात तरंगता ठेवावा लागतो.

अनुवादिनी | पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:१०

सांगितल्याशिवाय राहवेना.

पहिले दोन आठवडे गॅटरॉन यलो. गुळगुळीत, सुरेख, वेगही वाढला. पण लिनिअरमध्ये थांबायची खूण नाही, त्यामुळे माझं आपटणं तसंच राहिलं. मग यू४ लावले. पहिल्या दिवशी खरंच गुळमुळीत वाटले, काढून टाकावेत असं मनात आलं. स्प्रिंगवाल्यांचे दोन आठवडे आठवून थांबले. सहाव्या-सातव्या दिवशी लक्षात आलं की उंचवटा ओलांडला की बोट आपणहून सैल पडतंय. तळाला अजूनही टेकतं, पण आदळत नाही.

मात्र दुपारनंतर करंगळीला ६२ ग्रॅम जड पडत होते. म्हणून डाव्या-उजव्या टोकाच्या कळांना यलो लावले आणि मधे यू४. दोन जाती मिसळल्यावर विचित्र लागेल असं वाटलं होतं. दोन दिवसांत हात विसरून गेला. बॅकस्पेस कॅप्सलॉकवर आला, एंटर अंगठ्याखाली. मागचे पाय मिटलेले. उजवी करंगळी आता दिवसभरात किती कमी हलते, ते बघून माझं मलाच नवल वाटतं.

दुखणं संपलं असं नाही म्हणणार, व्यायाम चालूच आहेत. पण काल संध्याकाळी साडेसातला काम संपवून उठले आणि बराच वेळाने आठवलं की आज बोटं चोळली नाहीत.

आणि खटखट्या, निळा कीबोर्ड दिलेला नाही. पत्रं त्यावरच लिहिते.

खटखट्या | रविवार, सकाळी १०:१४

ताई, दिवस बनवलात की हो!

सांजसावली | रविवार, सकाळी ११:००

खूप बरं वाटलं वाचून. उजव्या शिफ्टचं काय केलंस? तीही करंगळीचीच आहे.

अनुवादिनी | रविवार, सकाळी ११:२०

तीच राहिलीय. अंगठ्याखाली आणायचा विचार आहे, पण डाव्या अंगठ्याजवळ एकही कळ मोकळी नाही. दोन तुकड्यांचा तुझा कीबोर्ड कोणत्या मांडणीचा आहे, जरा सविस्तर लिहिशील?